टोककाकांचा नववा तुकडा

टोककाका कुठेही गेले की आधी गुडघे टेकायचे. देवळात नव्हे, गवतात. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या मराठी मंडळाची उन्हाळी पिकनिक तळ्याकाठी असायची. बाकीचे लोक गाडीतून कूलर, कोळसा, भेळेचं सामान उतरवत असायचे, आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस डिकीतून एक लाकडी चौकट काढायचा. चार पट्ट्या, एक मीटर बाय एक मीटर, कोपऱ्यांना पितळी स्क्रू. ती गवतावर टाकायची, गुडघे टेकायचे आणि चौकटीच्या आत किती जातींची रोपं आहेत ते मोजत बसायचं. मोजून झालं की "सतरा" असं काहीतरी पुटपुटत उठायचे आणि भाजलेल्या कणसाला लिंबू मागायचे. लोक हसायचे. काकांना त्याचं काही नव्हतं.

माझी त्यांची पहिली भेट अशीच. मी नवीन होते, हातात भेळेची डिश घेऊन उभी. पायाशी आवाज आला, "बाई, जरा सरका. तुम्ही तीन जातींवर उभ्या आहात." मी तशी फटकळच. म्हटलं, "मग काय हवेत उभी राहू?" त्यांनी मान वर करून बघितलं आणि विचारलं, "कुठल्या तुम्ही?" म्हटलं, नागपूरची. "तरीच," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी नागपूर झाले. ते सगळ्यांनाच गावाच्या नावाने हाक मारायचे. मंडळात एक सांगली होती, दोन ठाणे होते, आणि आमचा अध्यक्ष बिचारा बारा वर्षं चाळीसगाव होता.

त्यांना टोककाका हे नाव मंडळानेच दिलेलं. कारण काहीही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला ते "आमच्या टोकावर" असं सुरू करायचे. हे टोक म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेलं एक भूशिर. तरुणपणी इथल्या युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्रात पीएचडी करताना त्यांनी तिथे तीन उन्हाळे काढले होते. तीनच. पण ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस तिथलाच, इकडे फक्त टॅक्स भरायला आलाय. त्या जागेचं नाव मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. "नाव कशाला हवंय? तुम्ही तिकीट काढणार, फोटो काढणार, सगळ्या जगाला दाखवणार. नको."

एका संक्रांतीला मंडळाने त्यांना बोलायला पंधरा मिनिटं दिली. बाहेर गुडघाभर बर्फ, आत तिळगूळ आणि मसालेभात, आणि पडद्यावर काकांच्या जुन्या स्लाइड्स. ते सव्वा तास बोलले. ते मूळचे राजापूरकडचे, त्यामुळे त्यांना ते टोक आपल्या कोकणातल्या सड्यासारखंच वाटायचं. "तोच उघडा कातळ, तीच बोटभर माती, पावसात तीच इवलीइवली फुलं. फक्त गार. आणि तुमच्याकडे वारा येतो-जातो, तिथे तो राहायलाच आहे. झाड म्हणून उभं राहू देत नाही." लाल चोचीचे आणि लाल पायांचे कावळे त्या वाऱ्यात उगाच कोलांट्या मारतात हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. समुद्राच्या कड्यावर गुलाबी गोंडेदार फुलांच्या उशा पसरलेल्या असतात आणि त्यांच्यावर बसलं तर ढुंगण ओलं होतं, हेही सांगितलं. पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मग ते इतिहासाकडे वळले. टोकाच्या मानेवर आडवा मातीचा बांध आणि खंदक होता. दोनएक हजार वर्षांपूर्वी कोणीतरी पुढे समुद्र आणि मागे खंदक अशी आपली वस्ती राखली होती. फ्रेंचांच्या भीतीने बांधलेला पडका टेहळणी मनोरा होता. महायुद्धात वैमानिकांना खाली कोणता देश आहे ते कळावं म्हणून चुना फासलेल्या दगडांनी लिहिलेली प्रचंड अक्षरं होती. आणि सगळीकडे बटाट्याच्या वाफ्यांचे वरंबे. बटाटा कुजला त्या दुष्काळात माणसं मेली किंवा जहाजात बसून इकडे अमेरिकेत आली, वाफे तसेच राहिले. "दुपारी नुसतं गवत दिसतं. संध्याकाळी ऊन तिरकं झालं की सगळे वाफे वर येतात. केसातून फणी फिरवल्यासारखे." माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने कानात विचारलं, "मॉम, इज ही ओके?" लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बहुतेक संपलं म्हणून. मी मात्र त्या टोकात अडकले ती अडकलेच.

मंडळात त्यांच्याबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं: हुशार माणूस, पण पुढे गेला नाही. पीएचडी झाली, पण त्यावर एक धड पेपर आला नाही. प्रोफेसरकी मिळाली नाही. वूस्टरमधल्या एका कॉलेजात ते तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होते. मुलांसाठी पानांचे पातळ काप करायचे, काचपट्ट्या लावायच्या, मायक्रोस्कोप पुसायचे. याचं त्यांना वाईट वाटतं का, असं मी एकदा सरळच विचारलं. म्हणाले, "मला कामात मजा आली. वाईट माझ्या प्रोफेसरांना वाटलं." त्या वेळी मला यातलं काही कळलं नाही.

काकू वेगळ्या. बारीक, कमी बोलणाऱ्या, हाताला चव असलेल्या. टाउन लायब्ररीत नोकरी करून रिटायर झालेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्या लोकांत हा विषय कुजबुजीत असतो, तसा तो होता. काकांच्या टोकाच्या गोष्टी सुरू झाल्या की काकू उठून स्वयंपाकघरात जायच्या. मला वाटायचं, शंभरदा ऐकून कंटाळल्या असतील.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या डोक्यातून गोष्टी गळायला लागल्या. आधी माणसांची नावं, पण ती त्यांना कधी लागतच नव्हती. मग गाडीची किल्ली, औषधं, मग घराकडे यायचा रस्ता. एकदा मी गेले तर दिवाणखान्यातल्या कार्पेटवर चौकट टाकून गुडघ्यावर बसले होते. मला म्हणाले, "नागपूर, इथे काहीच नाही गं. सगळी एकच जात आहे." मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

डॉक्टरांनी सांगितलं की जुन्या गोष्टींत रमवा. म्हणून काकूंनी मला शनिवारी बोलवायला सुरुवात केली. काकांच्या टोकावरच्या नोंदींच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटीला आहे, आकडे उतरवून घ्यायची मला सवय. वह्या होत्या अकरा. त्यांनी टोकावर जमिनीचे अकरा तुकडे आखले होते, प्रत्येकी वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद. एका तुकड्याला एक वही. सगळं पेन्सिलीत, कारण पेनाची शाई पावसात जाते. माणसाला काल काय जेवलो ते आठवत नव्हतं, पण चौथ्या तुकड्याच्या ईशान्य कोपऱ्यात निळी फुलं किती होती ते वही न बघता सांगायचे. आठ वह्या झाल्या. नववी नाडीने बांधलेली होती. मी गाठ सोडायला लागले तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ही नाही करायची. दहावी घे."

मी दहावी घेतली. लोकांच्या बंद वस्तू उघडू नयेत एवढं मला कळतं. पण एप्रिलमध्ये ईमेल आली.

काकांची ईमेल मीच बघायचे. लिहिणारी होती त्या टोकाजवळच्या गावातली शाळामास्तरीण. तिने लायब्ररीत काकांचा जुना प्रबंध शोधून काढला होता. लिहिलं होतं, की टोकावर आता पर्यटक फार येतात, म्हणून तिथल्या स्थानिक सरकारने कारपार्क करायचं ठरवलंय. धक्क्याच्या वरचं जे गवताळ शेत आहे, तिथे. कागदोपत्री ती वापरात नसलेली मोकळी जागा आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते आवडलेलं नाही, पण का ते कोणी बोलत नाही. तुमच्या प्रबंधाच्या सुरुवातीला अकरा तुकडे म्हटलेत आणि आत दहाच आहेत. गाळलेला तुकडा त्या शेतात होता का? त्याची काही नोंद असेल तर पाठवाल का? बारा दिवसांनी मीटिंग आहे. त्यानंतर खोदकाम.

मी काकांना ती ईमेल मराठीत सांगितली. त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग उठून मागच्या अंगणात गेले आणि कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. गार हवा होती, अंगात नुसता सदरा. मी कोट घेऊन गेले. तेव्हा, त्या कुंपणापाशी, त्यांनी मला नवव्या तुकड्याचं सांगितलं. त्या तासाभरात त्यांचा एक शब्द अडखळला नाही.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी ते शेत निवडलं, कारण अख्ख्या टोकावर तसं गवत नव्हतं. एका चौकटीत तीस-तीस जाती. बाकी सगळी जमीन कधी ना कधी खणलेली, तिथे बटाट्याचे वाफे. या एकाच शेतात वाफे नाहीत, कधी फावडं लागलेलंच नाही. का, ते त्यांना कळेना. गवतात लहान लहान दगड होते, नारळाएवढे. दोरी सरळ बसावी म्हणून त्यांनी एक दगड उचलून बाजूला ठेवला. तिथेच एक म्हातारी रोज गाय चारायला यायची, नोरा तिचं नाव. ती धावत आली. त्यांना वाटलं मारतेच. तिने दगड त्यांच्याकडून जागेवर ठेववून घेतला. नुसता ठेवून चालेना. जी बाजू वर होती तीच वर यायला हवी होती. त्यानंतर महिनाभर ती त्यांच्याकडे बघेना.

दुसऱ्या उन्हाळ्यात ते परत गेले. एक दिवस पाऊस आला आणि दोघे एकाच भिंतीच्या आडोशाला बसले. तेव्हा तिने सांगितलं. त्या भागात बाप्तिस्मा व्हायच्या आधी मूल गेलं, तर त्याला चर्चच्या आवारात जागा नसे. बाप ते फडक्यात गुंडाळून दिवस मावळताना घेऊन जायचा आणि अशा एखाद्या बिननावाच्या जागी पुरायचा. वर एक दगड. आईला जागा सांगायची नाही. नोराचा मुलगा बांधापासून तिसऱ्या दगडाखाली होता. हे तिला नवऱ्याने मरायच्या आदल्या दिवशी सांगितलं, तोवर तेवीस वर्षं गेली होती. तेव्हापासून ती गाय घेऊन तिथे यायची. गाय हे निमित्त.

"तिनं मला विचारलं, पुस्तकात घालणार नाहीस ना? मी म्हटलं, नाही. कुणाला सांगणार नाहीस? मी म्हटलं, नाही," काका म्हणाले. "मग ती मला एकेका दगडापाशी नेऊन कुणाचं मूल ते सांगायला लागली. सगळे तिला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते दहाबारा असतील. दगड मी नकाशात मांडले, एकेचाळीस आहेत. नावं लिहिली नाहीत. नावं इथे आहेत." त्यांनी कपाळाला बोट लावलं. त्याच डोक्यातून आदल्या आठवड्यात घराचा झिप कोड गेला होता.

त्यांनी तो तुकडा प्रबंधातून काढून टाकला. सगळा मुद्दाच त्याच्यावर उभा होता: न खणलेल्या जमिनीत काय टिकतं, आणि खणलेल्या जमिनीतून काय जातं ते. तो गेल्यावर उरले दहा साधे तुकडे. प्रोफेसर चिडले, कारण विचारलं. काका म्हणाले, मोजणीत चूक झाली. आपल्या हाताने आपल्या कामाला चूक म्हटलं आणि कॉलेजात काचपट्ट्या लावत बसले. आणि आम्ही सगळे तिळगूळ खात म्हणत होतो, पुढे गेला नाही.

मी म्हटलं, "काका, नकाशा पाठवू या. आजच." त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "अहो, तिथे डांबर पडेल. गाड्या उभ्या राहतील त्या पोरांवर." म्हणाले, "शब्द दिलाय." "पण नोरा कधीच गेली असेल." "तीच तर अडचण आहे. तिनं मला सोडवलं असतं तर वेगळं. आता सोडवणार कोण?" मला राग आला. मी खूप बोलले. हा शब्द नाही, हट्ट आहे, म्हटलं. तुम्हाला तुमचा मोठेपणा प्यारा आहे, असंही म्हटलं. ते ऐकून घेत राहिले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "नागपूर, माझं सगळं चाललंय, मला कळतं गं. हेही जाईल. ते जाईपर्यंत थांब. मग तुला काय करायचं ते कर."

बारा दिवसांत कुठे जाणार होतं ते.

मी आत आले. काकू टेबलाशी मेथी निवडत होत्या. खिडकी उघडी होती, त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात चालूच होता. मग म्हणाल्या, "वर्षा, आम्हाला एक झालं होतं. मुलगा. त्या पहिल्या उन्हाळ्यानंतरच्या हिवाळ्यात." मी खुर्ची ओढून बसले. बाळ पोटातच गेलं होतं. दवाखान्यात त्या बेशुद्ध. नर्सने काकांना विचारलं, तुम्ही नेणार की आम्ही करू? काका सव्वीस वर्षांचे, इथे कोणी नाही. त्यांनी ओळखीच्या एका वडीलधाऱ्या मराठी गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, बारशाआधी गेलेल्याचं आपल्यात काही करायचं नसतं, पुरतात फक्त, सही करून टाक. काकांनी सही केली. कुठे पुरलं ते विचारायचं सुचलं नाही. "मी शुद्धीवर आले तेव्हा हे म्हणाले, झालं सगळं. मी एकदाच विचारलं, कुठे? म्हणाले, माहीत नाही. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. पुढच्या मे महिन्यात हे तिकडे गेले."

मला आता कळलं की त्या भिंतीच्या आडोशाला आधी कोण बोललं असेल. नोरा उगाच परक्या माणसाला सांगणार नव्हती. काकूंनाही ते त्याच क्षणी कळलं. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "त्या बाईला सांगितलं यांनी," त्या म्हणाल्या. "मला पन्नास वर्षांत नाही सांगता आलं. तिला सांगितलं." त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो खरा होता. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. मी हात धरायला गेले तर त्यांनी तो काढून घेतला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "नकाशात सगळे दगड आहेत?" म्हटलं, एकेचाळीस, काका म्हणाले. "कुठे कुठे ते नीट कळतं?" मी आत जाऊन नववी वही आणली, नाडी सोडली आणि त्यांच्यापुढे उघडली. प्रत्येक दगडाचं दोन बाजूंनी अंतर, इंचात. कोणता उभा, कोणता आडवा. आमच्या लॅबमध्ये असं काम कोणी करत नाही. काकूंनी चष्मा लावून एकेक दगड बोटाने पाहिला. खूप वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "पाठव."

"काका?"

"त्यांनी शब्द दिलाय. मी नाही दिला."

मी फोनने फोटो काढले आणि तिथेच, मेथीच्या काड्यांच्या शेजारी बसून पाठवले. खाली दोन ओळीत ते काय आहे ते लिहिलं. काका अजून कुंपणाशी होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मास्तरणीने मीटिंगमध्ये नकाशा पडद्यावर लावला होता. मग मागून एक म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, माझा भाऊ तिथे आहे. मग दुसरी. मग आणखी. सगळ्यांनाच थोडंथोडं माहीत होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याने बोलायची वाट बघत होता. कारपार्कचं काम थांबवलं होतं. कायमचं की काय, ते ठरायचं होतं. शेवटी तिने एक गोष्ट विचारली होती. गावात एक नव्वदीच्या बाई आहेत. त्यांची मुलगी तिथे आहे, पण कोणत्या दगडाखाली ते त्यांना कधी कळलं नाही. तुम्हाला नोराने कोणाचा दगड कोणता ते सांगितलं होतं का? त्या बाईंचं नाव खाली दिलं होतं.

मला वाटलं, काकांना आनंद होईल. दोन-चार आठवड्यांत ते आणखी खचले होते. मला कधी ओळखायचे, कधी काकूंची बहीण समजायचे. नवव्या तुकड्याचं विसरले असतील असं मी धरून चालले होते. मी त्यांच्याशेजारी बसून सगळं वाचून दाखवलं आणि त्या बाईंचं नाव दोनदा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी स्वच्छ होते, कितीतरी दिवसांत नव्हते इतके. "नागपूर," ते म्हणाले, "तू शब्द मोडलास."

मी म्हटलं, काका, मोडला. चुकलं असेल तर मला शिक्षा करा, पण त्या बाईला सांगा. त्यांनी ओठ मिटले. मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. त्या बाईंचं नाव हळू सांगितलं, कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, नकाशा पुढे ठेवला. ते नकाशा हाताने झाकून बसायचे. आठवत नव्हतं, की आठवत होतं आणि सांगायचं नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही. काकू म्हणतात, आठवत होतं. मला वाटतं, आठवत नव्हतं, आणि ते कळू नये म्हणून ते रागावले होते. मी हेच खरं धरते, कारण दुसरं धरलं तर मला झोप येत नाही.

ते माझ्याशी परत बोलले नाहीत. उन्हाळाभर मी शनिवारी जात राहिले, डबा ठेवत राहिले. ते खिडकीतून बाहेर बघायचे. फेब्रुवारीत गेले. बर्फ इतका होता की फ्युनरल होमला मंडळातले निम्मेच लोक पोचले. चाळीसगावने चार शब्द बोलताना पिकनिकची चौकट सांगितली, लोक हसले आणि रडले. मला बोला म्हणाले. मी नाही म्हटलं. माझ्यासारखी बोलकी बाई गप्प राहिली याचं सगळ्यांना नवल वाटलं.

मी ते बरोबर केलं का, हे मी स्वतःला विचारते. परत तसंच करीन, हेही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे आणि त्याचं मला काही करता येत नाही.

मी मास्तरणीला काका गेल्याचं कळवलं होतं. काकांचे दिवस झाल्यावर तिचं पत्र आलं, पोस्टाने, खरं पत्र. तिकडे शेताला आता साधं तारेचं कुंपण घातलंय. लोक येतात, उभे राहतात, जातात. नव्वदीच्या बाईही येतात. मुलाच्या गाडीतून येतात आणि कुठे थांबायचं ते न कळून कडेलाच उभ्या राहतात. तिने लिहिलं होतं, त्यांनी परत विचारलंय, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी हे काकूंना वाचून दाखवलं. त्या काकांच्या स्वेटरच्या घड्या घालत होत्या, देऊन टाकण्यासाठी.

"त्या बाईंना कोणी उत्तर दिलं?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, काय देणार काकू, आपल्याकडे उत्तरच नाही.

"तरी द्यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "घे, लिही. मी मराठीत सांगते, तू इंग्लिशमध्ये कर."

मी लॅपटॉप उघडला. काकूंनी हातातली घडी बाजूला ठेवली.

"लिही," त्या म्हणाल्या, "की तुमची मुलगी त्या एकेचाळीसांत आहे, एवढं नक्की. माझा मुलगा कुठे आहे ते मलाही माहीत नाही. तुम्ही तिथे जाल तेव्हा त्याच्यासाठीही थोडं थांबा."

मी तेवढंच लिहिलं, खाली काकूंचं नाव घातलं आणि पाठवलं.